लाल सोडून

देवीच्या मंडळाचे अध्यक्ष धर्मेशभाई उंबऱ्याबाहेरूनच बोलले. "तुळशीवहिनी, देवी तुम्हीच रंगवा. फक्त लाल रंगाला हात लावू नका. तेवढं आमची सून हेतल येऊन करेल. समजून घ्या."

समजलं. माझे यजमान नवीन जाऊन आठ महिने झाले होते. सरावलीतल्या आमच्या मूर्तीच्या कारखान्यात माती त्यांची आणि रंग माझे, हे लग्नापासूनचं. तलासरीच्या मंडळाची देवी सोळा वर्षं मीच रंगवत आले. लाल शालू, ओठ, तळवे, कपाळावरचं कुंकू, सगळं माझ्या हातचं. तेव्हा कुणाला माझे हात दिसले नाहीत. नवीन गेले आणि लगेच दिसले.

"लाल म्हणजे सौभाग्य, वहिनी. मंडळात लोक बोलतात."

"म्हणजे लाल अजिबात नको?"

"एक थेंबही नको."

डोक्यात तिडीक गेली. पण म्हटलं, बरं. तुमच्या शब्दाबाहेर जाणार नाही.

लाल म्हणजे एक डबी, असं त्या माणसाला वाटलं. देवीची गोरी कांती पांढऱ्यात पिवळा आणि चिमूटभर लाल घातल्याशिवाय येत नाही. सिंहाचा तांबूस, हारातल्या झेंडूचा केशरी, महिषासुराच्या धोतराचा जांभळा, सगळ्यांत लाल लागतो. चोरून घातला असता तर कुणाला कळलं नसतं. पण मी चोरी कशाला करू? पाच दिवस पांढरा, पिवळा, हिरवा, निळा आणि काळा, एवढेच रंग वापरले.

घटस्थापनेच्या आदल्या दुपारी टेम्पो आला. धर्मेशभाई, चार कार्यकर्ते आणि नवा ब्रश घेऊन हेतल. मी चादर ओढली.

देवी पांढरीफटक. चेहरा पांढरा, ओठ पांढरे, शालू पांढरा, कपाळ मोकळं. काळे तेवढे केस आणि डोळे.

"हे काय केलंत?" धर्मेशभाई ओरडले. "ही तर विधवा दिसते!"

"तुम्ही लाल काढून घेतलात. मग दुसरं काय दिसणार? न्या आता. आणि मंडपात बसवलीत की तिलाही सांगा, बाई, कुंकवाला हात लावू नकोस."

हेतल देवीजवळ गेली, ब्रश उचलला, चेहऱ्याकडे बघत राहिली आणि ब्रश माझ्यापुढे धरला. "मला नाही जमणार. वहिनी, तुम्हीच करा."

धर्मेशभाईंनी आवाज खाली आणला. "करा वहिनी. आम्ही बाहेर कुणाला सांगणार नाही."

तिथे माझा तोल गेला. "सांगणार नाही म्हणजे? मी काय पाप करतेय? चेहरा आणि शालू इथे करते. कुंकू उद्या तलासरीला, मंडपात, सगळ्यांसमोर लावणार. कबूल असेल तर थांबा. नाहीतर अशीच चढवा टेम्पोत."

मूर्तीला हात लावायला एकही कार्यकर्ता पुढे येईना. शेवटी धर्मेशभाई बाहेर गेले आणि टेम्पोवाल्याला म्हणाले, "थांब, वेळ लागेल."

सकाळी मंडप भरला होता. मी शिडीवर चढले आणि देवीला कुंकू लावलं. खाली कुजबुज झाली. होऊ दे, म्हटलं. रागाने माझे कान तापले होते.

उतरले तर समोर एक म्हातारी उभी, मोकळ्या कपाळाची. सोळा वर्षांत तिला मंडपात कधी पाहिलं नव्हतं. धर्मेशभाईंची आई, देवकीकाकी. एरवी मंडपामागे पत्र्याच्या शेडमध्ये प्रसादाचे नारळ फोडत बसायच्या.

"मला पण लावू दे गं देवीच्या पायाला," त्या म्हणाल्या.

धर्मेशभाई धावत आले. "आई, तू मागे जाऊन बस बरं."

मी कुंकवाचा करंडा काकींच्या हातात दिला.