लॉकनटवरचा लाल ठिपका

गाडी माझी, बेचाळीस वर्षांची, आणि महिनाभरापासून तिने असहकार पुकारला होता. अ‍ॅक्सिलरेटरची मूठ पिळावी तर काहीच नाही. बऱ्याच वेळाने नाइलाज झाल्यागत उचलायची. चढावर सायकलवालेसुद्धा पुढे जायचे.

कार्ब्युरेटर तीनदा उघडला. जेट फुंकले, एअर फिल्टर धुतला, प्लग बदलला. फरक शून्य. शेवटी मेकॅनिककडे नेली. त्याने मुठीजवळची केबल दोन बोटांनी ओढली आणि हसला.

"काका, काखेत कळसा नि गावाला वळसा! केबल ढिली आहे. मूठ अर्धी फिरेपर्यंत कार्ब्युरेटरला पत्ताच नाही."

त्याने केबल ताणली, ती जागेवर धरणारा लॉकनट आवळला. गाडी पूर्वीसारखी पळाली.

चार दिवसांनी पुन्हा तेच. आवळलेला नट आपणहून एवढा फिरत नसतो. पहिला संशय मेकॅनिकवर, दुसरा जावयावर. दीड महिन्यापूर्वी कोपऱ्यावर एक सायकलवाली मुलगी गाडीला आडवी आली, तेव्हापासून जावयाचं एकच टुमणं, "बाबा, आता विकून टाका." मुलगी थोडक्यात वाचली, पण चूक तिची होती. मागे बसलेली बायको काही बोलली नव्हती, म्हणजे तिलाही मान्यच. गाडी गेली की मी खिडकीत बसणारा म्हातारा. त्याचीच मला धास्ती होती.

मग मीही चोरावर मोर झालो. केबल ताणली, नट आवळला आणि लेक विसरून गेलेल्या लाल नेलपॉलिशचा एक ठिपका नट आणि स्क्रू दोन्हींवर मिळून दिला. नट हलला की ठिपका फुटणार. रविवारी जावई जेवून गेला. ठिपका शाबूत! मी जरा हिरमुसलोच.

सोमवारी दुपारी डुलकी काढून उठलो, तर ठिपक्याचे दोन तुकडे. दिवसभर घरात तिसरं माणूस फिरकलं नव्हतं.

बायको भाजी चिरत होती. चमच्यांचा खण अर्धवट उघडा, आत माझा दहा नंबरचा पाना.

"तू?"

"चाळीस वर्षं गाडीवर बॅटरीचा उजेड धरून शेजारी उभी राहिले," ती मान वर न करता म्हणाली. "एवढं येतं मला."

"मला सांगायचंस तरी!"

"किल्ली मागितली असती, तर दिली असतीत? म्हटलं, निदान हळू तरी जाल." तिने विळी बाजूला केली. "ती मुलगी आडवी आली नव्हती. मी मागेच बसले होते ना."

भांडायला तोंड उघडलं, पण शब्द भलतेच आले.

"मला ती दिसलीच नव्हती गं."

मी बाहेर जाऊन गाडीची किल्ली काढून आणली आणि चमच्यांच्या खणात, पान्याशेजारी ठेवली.