नियमाच्या बाजूने वर गेलेला हात

मित्रांनो, पायाने चालवायची शिलाई मशिने आता फारशी दिसत नाहीत. मी त्यांतलेच एक. माझा काळा रंग कडांना उडाला आहे, पट्टा दोनदा बदलला आहे, पण टाका अजून सरळ पडतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. एकाने माझे अंग ओतले, दुसऱ्याने घासले, तिसऱ्याने रंगवले. त्यांच्यापैकी कुणाच्याही घरी शिलाई मशीन नव्हते. तेव्हा मला त्यात काही वावगे वाटले नाही. पुढे मी जे ऐकले, त्यामुळे ते मनात राहिले.

मला कपड्यांच्या एका कारखान्याने विकत घेतले. जिने चढून गेले की लांबलचक खोली, हवेत उडणारा कापसाचा बारीक भुरा आणि बंद खिडक्या. माझ्यावर शिवायला बसायच्या त्या वहिनी. कटिंग मास्तरांची बायको म्हणून साऱ्या कारखान्याची वहिनी. एके दिवशी मालकाने तयार माल उचलला, कुलूप लावले आणि तो गेला तो गेलाच. काही आठवड्यांनी कामगारांनी कुलूप उघडले आणि आपले आपण काम सुरू केले. मालक कोण, असे कुणी विचारले की सदऱ्यांच्या कॉलरी शिवणारी, म्हणून कॉलरवाली, मावशी म्हणायची, "आम्हीच. पण असले फाटके मालक तुम्ही पाहिले नसतील."

तिथे एक पद्धत पडली. सगळे शिवत असताना एकाने मोठ्याने वाचायचे. वाचणाऱ्याच्या वाटणीचे काम बाकीच्यांनी उरकायचे. बहुतेक वेळा मशिने दुरुस्त करणारे फिटरकाका वाचत. त्यांच्या तोंडून मी साम्यवाद हा शब्द पहिल्यांदा ऐकला.

काका वाचत ते असे. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी वाफेवर चालणारे कारखाने वाढले. घरी मागावर विणणारा माणूस दुसऱ्याच्या कारखान्यात मजूर झाला. लहान मुलेसुद्धा दिवसभर राबू लागली. तेव्हा काही विचारवंतांनी विचारले, की कापड विणतो एक आणि श्रीमंत होतो दुसरा, हे कसे? त्यांचे उत्तर असे, की मजूर आपल्या मजुरीपेक्षा जास्त मोलाचे काम करतो. वरचे मोल मालकाकडे राहते, कारण जमीन आणि यंत्रे त्याची असतात. त्यातून दोन वर्ग पडतात आणि त्यांच्या झगड्यातून इतिहास पुढे जातो. ही साधने सगळ्यांची झाली तर वर्ग उरणार नाहीत. मग प्रत्येकजण जमेल तेवढे काम करील आणि गरजेप्रमाणे घेईल.

वहिनींनी विचारले, की असे कुठे झाले का? काकांनी तेही वाचले. एका मोठ्या देशात क्रांती झाली. राजा गेला, जमिनी आणि कारखाने सरकारचे झाले. शाळा निघाल्या, दवाखाने निघाले. पण सगळ्यांच्या नावाने थोडेच लोक राज्य करू लागले. वेगळे बोलणारे तुरुंगात गेले, पुष्कळ मारले गेले. शेतकऱ्यांकडचे धान्य जबरदस्तीने नेले आणि लाखो माणसे उपाशी मेली. काकांनी काही गाळले नाही. त्या दिवशी आम्ही मशिने नेहमीपेक्षा हळू चाललो.

वहिनी म्हणाल्या, "म्हणजे मालक गेला तरी मालकपण मागे राहतं. ते आपल्यात शिरायला नको."

त्यांनीच मग नियम सुचवला. दर आठवड्याला मशिने अदलाबदल करायची, म्हणजे हे माझे असे कुणी म्हणणार नाही. आणि कुठलेही मशीन खोलीबाहेर जाणार नाही. सगळ्यांनी हात वर केले.

काही वर्षांनी श्वासातून गेलेल्या त्या भुऱ्याने वहिनींची छाती धरली. जिना चढणे बंद झाले. त्या घरी पडून राहिल्या. त्यांनी मास्तरांकरवी निरोप पाठवला, की एक मशीन घरी मिळाले तर बसून थोडे शिवीन, हात रिकामे असले की नुसता आपलाच श्वास ऐकू येतो.

सभा भरली. फिटरकाका वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "आज एक मशीन एका घरी गेलं, उद्या दुसरं जाईल. मग खोलीत उरेल काय? नियम कुणाचं तोंड पाहून मोडायचा नसतो."

कॉलरवाली मावशी म्हणाली, "गरजेप्रमाणे, गरजेप्रमाणे म्हणून रोज वाचता. मग ही काय हौस आहे होय?"

हात मोजले तर दोन्ही बाजू सारख्या. मास्तरांचाच हात राहिला होता. सगळे त्यांच्याकडे पाहू लागले. आपण बायकोसाठी मागतो आहोत असे दिसेल, अशी मास्तरांना भीती वाटली. त्यांनी नियमाच्या बाजूने हात वर केला.

घरी काय झाले, ते मास्तरांनी नंतर माझ्याशेजारी बसून मावशीला सांगितले. वहिनी म्हणाल्या, "बरोबर केलंत. नियम माझाच होता." आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केले. पुढच्या महिन्यात त्या गेल्या.

मग सगळे रडले. नियम बाजूला ठेवला आणि वहिनींची आठवण म्हणून मला उचलून मास्तरांच्या घरी पोहोचवले. मास्तरांनी माझ्यावर चादर घातली. ते मला कुणाला हात लावू देईनात. मित्रांनो, कारखान्यात मी सगळ्यांचा होतो तेव्हा दिवसभर चालायचो. इथे एकाच्या मालकीचा झालो आणि गंजू लागलो.

मग एक दिवस कॉलरवाली मावशी आली. तिचे गुडघे गेले होते, जिना तिलाही चढवत नव्हता. तिने मला मागितले. मास्तर म्हणाले, "नाही. ते तिचं आहे."

"तिचं कधी झालं, मास्तर?" मावशी हळूच म्हणाली. "आजारपणात एक टाका तरी घालता आला का तिला याच्यावर?"

 मास्तर उठले, चादर काढली आणि चाक फिरवून पाहिले. ते फिरेना. त्यांनी तेल घातले, जुन्या सदऱ्याने मला पुसले, पुन्हा तेल घातले. चाक फिरले, तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. मला उचलताना एक बाजू त्यांनीच धरली.

आता मी मावशीच्या खिडकीशी असतो. मास्तर अधूनमधून येतात, थोडा वेळ बसतात आणि तेल घालून जातात.

मित्रांनो, सगळ्यांचे भले व्हावे असे वाटणे चांगलेच आहे. त्यासाठी नियम लागतात, तेही करा. जे सगळ्यांचे आहे त्याला जपा, वापरते ठेवा. पण कुणा आजारी माणसाचा निरोप आला, तर सभेला जाण्याआधी त्याच्या घरी जा. त्या सभेत बसलेल्यांपैकी मास्तर सोडून एकानेही वहिनींना जाऊन पाहिले नव्हते. तुम्ही आधी पाहून या. हात मग वर करा.