घेणारी आणि नेसणारी

"आबासाहेबाचं लुगडं आपल्यापरीस स्वस्त, अन हाताला कडक. आपला निभाव लागायचा न्हाय," असं म्हणून महिपती कोष्ट्यानं घरातला एकुलता एक माग त्याच आबासाहेबाला द्यायचं कबूल केलं. पुढं त्याच्याच कारखान्यात मजुरी.

त्याच्या बायकोच्या, केराबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अवं, त्याला परवडतं कसं ते तरी बघायचं! न बघताच मान खाली घातली व्हय?"

ती तडक मंगळवारच्या बाजारात गेली. आबासाहेबाचं एक लुगडं आणलं नि विहिरीवर धुतलं. अगं बाई! खळीचं पाणी पेजेसारखं वाहिलं आणि हातात राहिली चाळण. सूत विरळ, सगळा ताठा खळीचा.

मग काय, पुढच्या बाजारी केराबाईनं आपली लुगडी मुद्दाम धुऊन मांडली. आहे ते उघड दाखवायचं! झालं भलतंच. बायका हात लावायच्या नि मागं सरायच्या. "धुतलेलं कुनी आहेरात देतं का? कोरं न्हाय व्हय?" एकही खपलं नाही.

दुसरी रडत घरी गेली असती. ही आबासाहेबाच्या दुकानासमोर ठाण मांडून बसली नि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकीला विचारत सुटली, "कुणाला घेतलं, बाई?" नणंदेला. विहिणीला. पुतणीच्या लग्नाला. स्वतः नेसायला घेणारी एक सापडेना! घेणारी वेगळी, नेसणारी वेगळी. केराबाईला हसू फुटलं. "आहेराचं गिऱ्हाईक त्याला लखलाभ. नेसणाऱ्या माझ्या!"

पगाराच्या दिवशी, बायकांच्या हातात स्वतःचा पैसा येतो तेव्हा, गाठोडं घेऊन ती गावच्या गिरणीच्या दारात उभी राहिली. पाळी सुटली, बायका लोंढ्यानं बाहेर आल्या. "धुतलंय, बायांनो. ओढा, ताणा, मग घ्या!" रुद्राणी नावाच्या एकीनं पदर दोन्ही हातांनी ओढून पाहिला. "मला आहेरात आलेलं दोन धुण्यांत गेलं बघ. हे दे," म्हणाली. मग हातांची झुंबड उडाली.

केराबाई घरी आली तर आबासाहेबाचा माणूस गाडी घेऊन दारात, आणि महिपती मागाचे भाग सुटे करायला वाकलेला.

"थांबा!" तिनं गाठोड्याचं रिकामं फडकं महिपतीपुढं झटकलं. "सगळी गेली. आनखी मागत्यात."

महिपती त्या फडक्याकडं बघतच राहिला. मग सरळ उभा राहिला. "गाडी न्या माघारी."

"अन तुमचा शब्द?" माणूस म्हणाला.

"मोडतोय. लाज वाटतीया, लई वाटतीया. पर माग द्यायचा न्हाय."