मक्याच्या पिठात जे नव्हतं

नेरेइदाच्या सोनोग्राफीच्या दिवशी मी माझं टॉर्टियाचं, म्हणजे मक्याच्या पातळ भाकऱ्यांचं, दुकान बंद ठेवलं. नदीकाठच्या आमच्या गावात (नदी ओलांडली की मेक्सिको) ते फक्त वादळ आलं की बंद असतं, त्यामुळे काहींना वाटलं म्हातारी गेली. म्हातारी कुठली जातेय एवढ्यात! माझी भाची दुसऱ्यांदा पोटुशी होती आणि आज बाळाच्या पाठीचा कणा दिसणार होता. सकाळपासून माझा पाय एका जागी ठरत नव्हता. गिरणीत मका न टाकताच मी दोनदा बटण दाबलं.

तिचा पहिला मुलगा युलिसेस. त्याचा कणा पोटात असतानाच नीट मिटला नाही. स्पायना बिफिडा म्हणतात त्याला. आता सात वर्षांचा आहे, चाकांच्या खुर्चीवरून अख्ख्या शाळेला पळवतो आणि तोंडानं कुणाला हार जात नाही. पोरगा सोन्यासारखा, पण त्याच्या आईला सुखाचा घास नाही, कारण तिची सासू एउफ्रोसिना. आमच्याकडे ग्रहण असलं की पोटुशी बाई चड्डीला सेफ्टी पिन लावल्याशिवाय बाहेर पडत नाही. मीही लावली होती, खोटं कशाला बोलू? युलिसेसच्या वेळी नेरेइदा मात्र तशीच अंगणात गेली, आणि चंद्रानं पोराची पाठ खाल्ली, हे विहीणबाईंनी बाप्तिस्म्याच्या जेवणात सांगितलं, ईस्टरला सांगितलं, दिसेल त्याला सांगितलं.

नेरेइदाला बाळ धडधाकट हवं होतंच. पण एकदा तरी सासूच्या तोंडून ‘तुझं काही चुकलं नव्हतं’ एवढं ऐकायचं होतं तिला. मला हे सांगताना ती ढसाढसा रडली होती.

तिचा नवरा तेलविहिरीवर कामाला, म्हणून आम्हीच सगळे गेलो. एउफ्रोसिनाही आली, कपाळाला आठ्या घालून. डॉक्टर तामेस आमच्याच गावची पोरगी, माझ्या दुकानातल्या गरम टॉर्टिया खाऊन वाढलेली. तिनं नेरेइदाच्या पोटावरून यंत्र फिरवायला सुरुवात केली. युलिसेसनं आधीच बजावून ठेवलं, बाळ चालणारं असलं तरी शर्यत मीच जिंकणार.

पडद्यावर जपमाळेचे मणी ओवल्यासारखी एक ओळ दिसली. डॉक्टरनं तिच्यावरून वरपासून खालपर्यंत बोट नेलं.

“सगळा मिटलाय. पाठ छान आहे.”

अरे देवा! मी डॉक्टरला मिठी मारली, नर्सला मारली, कोण कुठली बाई बाहेर बसली होती तिलाही मारली. नेरेइदा हसत होती आणि डोळे पुसत होती. तेवढ्यात विहीणबाई म्हणाल्या, या खेपेला ग्रहण नव्हतं ना, म्हणून.

माझं डोकंच फिरलं. मी तोंड उघडणार तोच डॉक्टर बोलायला लागली. म्हणाली, ग्रहणाचा काही संबंध नाही. या देशात गोऱ्या आणि काळ्या आयांपेक्षा आपल्या मेक्सिकन मुळाच्या आयांच्या बाळांत हे जास्त दिसतं. झालं, मी तिच्यावरच घसरले. आमचं रक्त नासकं आहे का गं, असं तोंडावर विचारलं.

“रक्तात नाही, मावशी. बरंचसं ताटात आहे.”

मग तिनं सांगितलं. गव्हाच्या पिठात सरकार अठरा वर्षं फॉलिक ॲसिड नावाचं जीवनसत्त्व घालायला लावतंय, बाळाचा कणा मिटायला ते लागतं. पाव खाणाऱ्या आयांच्या पोटात ते आपसूक जातं. मक्याच्या पिठात ते घालायची परवानगी कालपरवा मिळाली. आणि बाळाचा कणा मिटतो पहिल्या महिन्यात, आईला दिवस गेल्याचं कळायच्याही आधी. म्हणून या खेपेला नेरेइदाला तिनं दिवस जायच्या आधीपासूनच त्याच्या जास्त ताकदीच्या गोळ्या दिल्या होत्या. गोळ्यांनी प्रत्येक बाळ वाचतंच असं नाही, पण पुष्कळ वाचतात.

मी थक्क झाले. म्हणजे माझ्या गिरणीचं पीठ, ज्याच्यावर अर्धं गाव पोसलं, त्यात हे नव्हतंच! पण हे कळल्यावर हातावर हात धरून कोण बसतंय? उद्यापासून लग्नाच्या वयाची प्रत्येक पोरगी माझ्या गल्ल्यासमोर गोळी गिळणार, मगच टॉर्टिया मिळणार, असं मी तिथंच जाहीर केलं. डॉक्टर हसली. म्हणाली, गोळ्या मी पुरवते.

एउफ्रोसिनासाठी मी मनात सात वर्षांचे टोमणे जमवून ठेवले होते, आता एकेक काढणार होते. पण तिनंच हळू आवाजात विचारलं, “नदीपलीकडे आम्हीही नुसता मकाच खायचो. माझ्या मुलीलाही हेच झालं असेल का?”

कुठली मुलगी? तिला तर एकच मुलगा, नेरेइदाचा नवरा. मग तिनं सांगितलं, त्याच्याआधी एक पोर झाली होती, उघड्या पाठीची. दोन दिवस जगली. त्या वर्षी ग्रहणात ही वाळत घातलेले कपडे काढायला गेली होती, आणि तिच्या सासूनं तिला मरेपर्यंत माफ केलं नाही.

डॉक्टर म्हणाली, एवढ्या वर्षांनी एका बाळाचं कारण सांगता येत नाही. पण ग्रहणानं ते नक्की झालं नाही.

नेरेइदा पोटावरचं जेल पुसून उठली आणि सासूपाशी जाऊन बसली.

“आई,” ती म्हणाली, “तुमचं काही चुकलं नव्हतं.”