आपलीच तर आहे!

मी तानपुरा बोलतोय. भोपळा, तारा, खुंट्या असलं काही शोधू नका. मी विजेवर चालणारा, जेवणाच्या डब्याएवढा प्लास्टिकचा तानपुरा आहे. पुढे दोन गोल बटणं, मध्ये स्पीकरची जाळी, मागे वायर. मोठे गवई मला बघून नाक मुरडतात. मुरडू देत बापडे. एसीच्या गारव्यात लाकडी तानपुऱ्याचा सूर उतरतो, माझा उतरत नाही, एवढं त्यांनाही कबूल करावं लागतं.

माझा जन्म बेंगळुरूच्या एका कारखान्यातला. तिथून प्रज्ञाताईंच्या बॅगेत, लोणच्याच्या बरणीला खेटून, मी दुबईच्या करामा भागात आलो. ताई गाणं शिकवतात. हॉलमधला सोफा भिंतीला सारला की झाला क्लास. त्यांचा दरारा असा, की मुलांचे आईबापसुद्धा दाराशी चपला जपून काढतात.

अस्मी पहिल्यांदा आली तेव्हा खुर्चीत बसून पाय हलवायची. तिचे बाबा, अनिल, शारजाच्या अल मजाजमधून दर शनिवारी ट्रॅफिकला शिव्या घालत तिला आणायचे. ताई मराठीत ओरडायच्या, ती इंग्रजीत सॉरी म्हणायची आणि गाणं पुढे सरकायचं. पोरीचा सूर पक्का होता. माझ्यासारख्याला हे कुणी सांगावं लागत नाही. ती षड्ज लावायची आणि मला क्षणभर वाटायचं, आपल्याला खरोखरीची एक तार फुटली की काय.

एक दिवस ताईंनी मला उचललं आणि तिच्या हातात ठेवलं.

"घरी घेऊन जा. रोज सकाळी लावायचा."

"परत कधी आणून देऊ ताई?" अनिलनी विचारलं.

"परत कशाला? आपलीच तर आहे!"

त्या शब्दावर मी भाळलो हो. माझा मुक्काम अस्मीच्या टेबलावर हलला आणि पुढची कितीतरी वर्षं तिच्या दिवसाची सुरुवात माझ्यापासून झाली. परीक्षा असो, सर्दी असो, आईशी भांडण असो, बटण फिरायचंच.

ती सतरा वर्षांची झाली त्या साली टीव्हीवर 'सूर सातासमुद्रापार' नावाची स्पर्धा जाहीर झाली. आठ देशांत वाढलेली आपली मुलं गाणार, निम्मे गुण परीक्षकांचे, निम्मे प्रेक्षकांच्या मतांचे. अमिरातीतून अस्मीची निवड झाली. गाणं नवीन, चाल प्रज्ञाताईंची. ताईंनी ते तिच्याकडून घासून घेतलं. आणि अंतिम फेरीला महिना उरला असताना वाहिनीनं ताईंनाच परीक्षक म्हणून बोलावलं.

ताईंनी प्रामाणिकपणे कळवलं, की स्पर्धकांत माझी शिष्या आहे. तिकडून उत्तर आलं, "नो प्रॉब्लेम मॅडम, वी ट्रस्ट यू." ह्या विश्वासानंच घात केला, असं मला आज वाटतं. ताई ताठ झाल्या. अस्मीला म्हणाल्या, "आता फायनलपर्यंत मी तुझं गाणं ऐकणार नाही. बरं दिसत नाही ते."

मग उरलो मी. त्या महिन्यात अस्मी माझ्यासमोर बसून एकटीच गात राहिली. अंतऱ्यात ताईंची चाल सरळ वरच्या षड्जावर चढायची. एका सकाळी अस्मी तिथं चढता चढता निषादावरच थांबली आणि षड्ज न घेता अलगद मागे फिरली. पुढची पायरी समोर असून तिच्यावर पाय न ठेवणं, तसं काहीतरी. गाण्यात अशा क्षणाला 'जागा' म्हणतात. शिकवलेल्या जागा पुष्कळ असतात, ही तिची स्वतःची होती, आयुष्यातली पहिलीच.

ती माझ्याकडे बघून हसली. "ताई विल किल मी," ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "ऑर शी'ल लव्ह इट."

ट्रॉफीचं तिला फारसं काही नव्हतं. त्या जागेवर ताईंचा चेहरा कसा होतो, तेवढं तिला बघायचं होतं.

इकडे मतांची आघाडी रोझलिन आंटींनी उघडली होती. ह्या शेजारच्या फ्लॅटमधल्या, मूळच्या वसईच्या, एका हॉटेलात रिसेप्शनला. बिल्डिंगचा ग्रुप, चर्चचा ग्रुप, मंडळाचा ग्रुप, सगळे त्यांच्या मुठीत. कार्यक्रम सुरू होताक्षणी मतदान खुलं होणार होतं.

"पण आंटी, मी शेवटून दुसरी गाणार आहे," अस्मी म्हणाली. "लोक न ऐकताच व्होट कसं करतील?"

"अगो बाय, व्होट द्यायला गाणा कशाला ऐकायला पायजे? तू आपलीच तर हाय! यल्ला, चल, तू फक्त मेकप चांगला कर."

सगळे हसले. मलाही तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

फायनल अबू धाबीच्या स्टुडिओत, रविवारी दुपारी. अस्मीनं हट्टानं मला सोबत नेलं आणि स्टेजवर एका स्टुलावर ठेवलं. समोर पाच परीक्षक, मधोमध ताई. ती गायली. मी पुष्कळ गाणं सोसलेला प्राणी आहे, उगाच कौतुक करत नाही, पण त्या दिवशी ती फार सुंदर गायली. अंतरा आला. निषादावर ती थांबली आणि मागे फिरली, आणि वाद्यवृंदातला तबलजीसुद्धा मान वर करून बघायला लागला. अस्मीनं ताईंकडे पाहिलं.

ताई खाली बघत होत्या. ओठ मिटलेले, कपाळाला आठी, हातातलं पेन टकटक करत होतं. परीक्षेला आलेल्या बाहेरच्या पर्यवेक्षकाचा असतो, तसा चेहरा.

मग पाट्या वर झाल्या. नऊ. नऊ. आठ. नऊ. ताईंच्या पाटीवर सहा.

स्टुडिओत 'ओ' असा आवाज उठला. प्रेक्षकांच्या मतांत अस्मी सगळ्यांच्या पुढे होती, तरी बेरजेत अगदी थोडक्यानं मागे पडली आणि सिंगापूरचा मुलगा जिंकला. तिनं टाळ्या वाजवल्या, त्याला मिठी मारली आणि मला बॅगेत घालताना वायर नीट गुंडाळायची ती विसरली. मला राग आला होता. ज्या बाईच्या घरात मी मोठा झालो, तिनंच आमच्या पोरीचा गळा कापला, असं मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी रोझलिन आंटी तणतणत आल्या. "स्वतःच्या पोरीला कोण सहा देते? त्या जजला सोड गो. पब्लिकने तुला डोक्यावर घेतला! हे बघ." त्यांनी फोन पुढे केला. बिल्डिंगच्या पार्टी हॉलमध्ये सगळे जमले होते त्याचा व्हिडिओ. फुगे, झेंडे, प्रत्येकाच्या हातात मोबाईल, 'अस्मी, अस्मी' असा गजर.

अस्मी बघत होती. मग तिनं व्हिडिओ मागे नेला आणि आवाज वाढवला. पाठीमागच्या मोठ्या पडद्यावर ती स्वतः गात होती. पडद्याकडे कुणाचंच तोंड नव्हतं. मतं केव्हाच देऊन झाली होती आणि हॉलमध्ये जेवणाची रांग लागली होती. अंतरा आला, ती जागा आली, आणि त्याच वेळी कुणीतरी ओरडलं, "अरे, पाव संपले, और मंगाओ!"

"आंटी, तुम्ही गाणं ऐकलं?"

"ऐकला ना! मस्त होता," आंटी म्हणाल्या. मग जरा अडखळल्या. "कुठला होता गो तो?"

माणूस मनानं सोन्यासारखं, म्हणून त्यांच्यावर रागावताही येईना. अस्मी "इट्स ओके" म्हणाली आणि फोन परत दिला.

संध्याकाळी ताई आल्या. डब्यात नारळाच्या वड्या. आल्या त्या मान ताठ ठेवूनच.

"रागावली असशील," त्या म्हणाल्या. "पण सहा मी विचार करून दिले. आपलीच तर आहेस तू. मी नऊ दिले असते तर लोकांनी तोंडात शेण घातलं असतं. दुसऱ्या कुणाची शिष्या असतीस तर दिलेही असते."

अनिलनी मान हलवली. "खरंय ताई. लोक नावं ठेवायला टपलेलेच असतात." आपल्या लोकांना हे पटतं हो! घरच्या मुलाला पंक्तीत शेवटी वाढायचं, लाडू मोडका द्यायचा, आणि त्याला न्याय म्हणायचं.

"मार्क्सचं जाऊ दे ताई," अस्मी म्हणाली, मराठीत, सावकाश. "अंतऱ्यात मी जागा बदलली होती. ती कशी वाटली?"

ताईंनी डबा बाजूला ठेवला. "कुठली जागा?"

"निषादावर थांबले. सा घेतलाच नाही."

"नाही घेतलास?" ताईंचा चेहरा उतरला. "अगं, मी... मी सारखी धास्तीत होते. तू गायला लागलीस आणि मला वाटलं, माझी मान डोलली तर कॅमेऱ्यात दिसेल. मी मनातल्या मनात तुझ्या चुकाच शोधत बसले. थांब, आत्ता म्हण ना. आत्ता ऐकते. लाव तो तानपुरा."

अस्मीनं मला उचललं. मला वाटलं, आता बटण फिरणार. तिनं माझी वायर गुंडाळली आणि मला ताईंच्या मांडीवर ठेवलं.

"हा घेऊन जा ताई."

"अगं, असं काय? आता आपलाच आहे की तो!"

"आपलं नको आता काही," ती म्हणाली. "खलास."

तेव्हापासून मी पुन्हा करामाला, ताईंच्या घरी आहे. ताई संध्याकाळी मला लावतात आणि न गाता नुसत्या बसून राहतात. अस्मी गाते की नाही, मला माहीत नाही. ताईंनी दगा दिला, लोकांनी दिला, ते मी समजू शकतो. पण तिनं मलाही त्यांच्यातच जमा केलं, हे माझ्या फार जिव्हारी लागलंय. त्या अख्ख्या स्पर्धेत, आपल्या म्हणवणाऱ्यांत, तिचं गाणं शेवटपर्यंत ऐकलं ते मी. आणि मला बोलता येतं ते फक्त प सा सा सा. त्यात हे कसं सांगायचं?

तुम्हाला ती कधी भेटली, तर मत देऊ नका, गुण देऊ नका. तिला एवढंच सांगा, त्या दिवशी एकानं ऐकलं होतं.