थोरली कोण?

"वय?"

"छत्तीस," नवसी म्हणाली.

डॉक्टर मोठ्याने हसले. चौसष्ट साली तारापूरकडे रस्ता बांधणाऱ्या एका कंत्राटदाराने त्यांना मजूर पारखायला बसवले होते. चाळिशीपुढच्या बाईला खडी वाहायला घ्यायचे नाही, असा हुकूम होता. त्यांनी नवसीची पापणी ओढली, तोंड उघडायला लावले. दात निम्मेच उरले होते आणि केस पांढरे.

"साठीच्या आहात, बाई. घरी बसा."

घरी बसून खायचे काय, हे मात्र त्यांनी सांगितले नाही. नवसीचा नवरा दर्यात गेला त्याला बारा वर्षे झाली. तेव्हापासून ती दांडी गावच्या किनाऱ्यावर उन्हात बोंबील सुकवत होती आणि सासूचे, मुलींचे झाल्यावर उरेल ती पेज पीत होती. कधी तीही उरत नसे.

"पोटाला मिलत नाय, सायेब, म्हनून अशी दिसते."

"काहीतरीच! परदेशात उंदरांना कमी खायला घातलं, तर ते उलट जास्त जगले. मी स्वतः वाचलंय."

नवसीने जरा विचार केला. "त्या उंदरांच्या डोक्यावर टोपली व्हती काय, सायेब?"

रांगेत हशा पिकला. डॉक्टर चिडले.

"ही माजी भैन," नवसी घाईने मागे वळली. "सहा वर्सांनी थोरली हाय. तिला इचारा."

जयवंती मुरबे गावात होडीवाल्याच्या घरी दिलेली. आजवर पोटभर मासे-भात जेवलेली, केस काळेभोर. होडी यंदा खडकावर फुटली, म्हणून तीही रांगेत आली होती.

"थोरली कोण?" डॉक्टरांनी तिला विचारले.

जयवंतीने बहिणीकडे पाहिलेच नाही. "ती थोरली. माजं पस्तीस."

डॉक्टरांनी तिचे नाव लिहून घेतले.

दोघी बाहेर आल्या. बाजारात न्यायची सुक्या मासळीची टोपली झाडाखाली ठेवली होती. नवसी रागाने ताडताड तिकडे निघाली. जयवंती रडत होती.

"घरात दाना नाय गं, नवशे," ती म्हणाली आणि टोपलीला हात घातला. "आज मी घेते."

नवसीने तिचा हात बाजूला केला. माहेरी असल्यापासून दोघी कुठेही निघाल्या की ओझे नवसीच्याच डोक्यावर असे.

"ठेव, बाय," ती म्हणाली. "ओझं धाकटीनं न्यायचं."

तिने डोक्यावर चुंबळ ठेवली आणि टोपली उचलून घ्यायला खाली वाकली.