दादाच्या नावावर भावाचं हृदय

कुणाचा नळ गळाला, पंप खरखरला, की आमचा प्लंबर दादा अर्ध्या तासात दारात हजर. पंपाचा आवाज जरा बदललेला वाटला तरी गिऱ्हाइकाला दम भरायचा, "आधी बंद करा. चालू ठेवून कारण शोधायचं नसतं." आणि हाच शहाणा, पंधरा दिवस चढावर धावताना स्वतःची छाती आवळत होती तर म्हणत होता, "पित्त झालं असेल."

वय सेहेचाळीस. बेचाळीस किलोमीटरची शर्यत त्याने नऊ वर्षं न चुकता पुरी केली होती. दहाव्यांदा पुरी करणाऱ्याला छातीवर लावायला स्वतःचा असा कायमचा क्रमांक मिळे, आणि दादाचा सगळा जीव त्या क्रमांकात अडकला होता. पण यंदा आयोजकांनी हृदयाचा आलेख, म्हणजे ईसीजी, मागितला. गड्याने काय करावं? अठ्ठावीस वर्षांच्या ठणठणीत भावाला आपल्या नावाने तपासणीला पाठवलं! धावणाऱ्यांच्या कंपूत ही युक्ती काही नवी नव्हती. कागद बिनबोभाट मंजूर झाला.

भावाला मात्र घास गोड लागेना. शर्यतीच्या चार दिवस आधी त्याने वहिनीला सगळं सांगून टाकलं. तिने हातातली कढई खाली ठेवली आणि बूट पुसत बसलेल्या नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.

"अहो, छाती तुमची आणि तपासणी भावजींची?"

"दुखत नाही गं. नुसतं आवळतं. थांबलो की जातं."

"पायात चपला घाला. आत्ता जायचंय."

हृदयाच्या डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या होत्या, बोलायला मोकळ्या. बायकोने त्यांना रविवारची शर्यत, भावाचा कागद, सगळं सांगितलं. छातीवर थंडगार जेल लावून त्यांनी यंत्राचा दांडा टेकवला, पडदा दादाकडे वळवला आणि म्हणाल्या, "बघा, हे तुमचं."

काळ्या पडद्यावर एक झडप उघडत होती, मिटत होती. दादा बघतच राहिला.

"तुमच्याकडचा व्हॉल्व्ह किती टिकतो हो?" बाईंनी विचारलं.

"चांगला असला तर पाच-सात वर्षं. मध्ये वॉशर बदलायचा."

"हा दिवसातून लाखभर वेळा उघडतो. तुम्ही जन्मायच्या आधीपासून. एक सुट्टी नाही."

दादाने आयुष्यात शेकडो पंप उघडले होते, पण असलं काम त्याने कुठे पाहिलं नव्हतं. एवढीशी, मुठीएवढी वस्तू, आणि तिने आपल्याला नऊ वेळा बेचाळीस किलोमीटर वाहून नेलं! त्याचे डोळे भरून आले. त्याला लाजही वाटली.

मग बाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. "ही भिंत मंद हलतेय. इथे रक्त कमी पोचतंय. उद्याच अँजिओग्राफी करू."

"पण मॅडम, मी रोज पंधरा किलोमीटर धावतो."

"म्हणून तर ते इतके दिवस निभावून नेतंय. पण वय, कोलेस्टेरॉल, घराण्यातला आजार, हे काही तुमचे बूट बघून माघारी फिरत नाहीत. आणि रविवारी तुम्ही रस्त्यात कोसळला असता, तर तिथल्या डॉक्टरांनी कोणाचा कागद बघितला असता?"

बायकोने त्याचा हात घट्ट धरला.

दादाने बाहेरच्या बाकावर बसून आयोजकांना फोन लावला. "माझं नाव काढा. आलेख माझ्या भावाचा होता."

पलीकडच्या गृहस्थांनी यादी चाळली. मग म्हणाले, "खोट्या कागदाला दोन वर्षं बंदी आहे. तुमचं हे दहावं वर्ष होतं ना?"

"होतं," दादा म्हणाला. "लावा बंदी."

मंडळी, धावा, खुशाल धावा. पण छाती आवळली, चक्कर आली, दम अवेळी लागला तर अंगावर काढू नका. थांबा आणि दाखवा. कागद दुसऱ्याचा खपून जाईल, पण रस्त्यावर धडधडणारं हृदय आपलंच असतं, आणि त्याच्या भरवशावर घरी कुणीतरी वाट बघत बसलेलं असतं.